मधल्या फळीत गप्प बसलेला माणूस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुकानात व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होतो. म्हणाले, "कॅप्टन, दिवाळी अंकासाठी लिहा की. गोव्यातले गाजवलेले सामने, मैदानावरचे थरारक प्रसंग, वाचकांना आवडेल असं." मी म्हटलं, लिहितो, पण तुम्हाला हवं तेच निघेल असं सांगता येत नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी विनयानं बोलतोय. विनय कसला डोंबलाचा! गेल्या शिमग्यापासून हे लिहायचं माझ्यावर आलेलंच होतं, फोन फक्त निमित्ताला आला.

मी नागेश. रामनगरात माझं खेळाच्या सामानाचं लहान दुकान आहे. राहतो मात्र मूळ घरीच, बाजारकुणंग पंचायतीत, रानाच्या कडेला. आम्हाला गोवा परका नाही, अनमोडचा घाट उतरला की आलाच. माझा मामा तिकडं गॅरेजात कामाला होता. त्याच्याकडं शिकायला म्हणून गेलो आणि चेंडूच्या नादी लागलो. पुढं बारा-तेरा हंगाम एका क्लबात पगारी फुटबॉल खेळलो. शेवटचे तीन हंगाम कर्णधार होतो. म्हणून जोयडा तालुक्यात अजून सगळे मला कॅप्टन म्हणतात. दुकानाच्या पाटीवरही तेच लिहिलंय. बाकीचा इतिहास सोडून देतो, तो कुणाला वाचायचाय?

आमचे आप्पा माझा सामना बघायला आयुष्यात एकदाच आले. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "नागू, तू गोल घालत न्हाईस. गोल अडवत बी न्हाईस. मग तुला पगार कशाचा देत्यात रं?"

प्रश्न बिनतोड होता. मी मधल्या फळीत खेळायचो. पुढचे गोल मारतात, मागचे अडवतात, आणि मधला माणूस काय करतो हे त्याच्या बापालाही कळत नाही. मी म्हटलं, "आप्पा, लावणीला तरव्याच्या मुठी फेकणारा असतोय न्हाई? बायका वाकून लावत असत्यात. मान वर न करता त्यांनी हात मागं नेला की मूठ हाताला लागली पायजे. तसं हाय माझं काम."

आप्पांनी विचार केला. "मंजे त्यो चुकला की समदी लावणी अडती."

"व्हय."

"मग द्यायलाच पायजे पगार," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. माझ्या धंद्याचं इतकं सोपं वर्णन पुढं कुठल्या वर्तमानपत्रवाल्यानं केलं नाही.

पण आप्पांना मी अर्धंच सांगितलं होतं. मधल्या माणसाची निम्मी नोकरी पायांनी चालते आणि निम्मी तोंडानं. कसं ते सांगतो. मधे खेळणाऱ्याला चेंडू बहुतेक वेळा पाठमोरा असताना मिळतो. चेंडू समोरून येतो आणि दुसऱ्या संघाचा गडी मागून. चेंडूकडं बघावं तर मागचा दिसत नाही, मागं बघावं तर चेंडू पायावरून निसटतो. म्हणून चेंडू देणाऱ्यानंच ओरडून सांगायचं असतं, बाबा रे, तुझ्या मागं माणूस आहे. सगळीकडं "मॅन!" असं ओरडतात. हे ओरडणं म्हणजे उपकार नव्हेत, ते कामच आहे. एक वेळ चेंडू वाईट दिला तर चालतो, पण ओरडायचं चुकायचं नाही. कारण मागून येणारा गडी चेंडू घ्यायला येत असला तरी मधे तुमचे पाय असतात.

मी ओरडण्यात पटाईत होतो. आमचा गोलकीपर सामन्याआधी दोन्ही खांबांना नमस्कार करायचा आणि गोल बसला की त्याच खांबांना आईवरून शिव्या द्यायचा. तो म्हणायचा, "नागेशच्या आवाजानं माझ्या शिव्या कुणाला ऐकू येत नाहीत हे बरंय." आणि एक इनास होता. म्हातारा पोदेर, म्हणजे पाव भाजणारा. पहाटेपासून भट्टीपुढं राबायचा, दुपारी झोप काढायचा आणि सामन्याला येऊन कठड्याला टेकायचा, कायम एकाच जागी. तो चेंडूकडं बघायचाच नाही, मधल्या फळीतली माणसं बघायचा. माझा घसा बसला असला की दुसऱ्या दिवशी क्लबात सुंठ घालून केलेला काढा पाठवायचा. असं गिऱ्हाईक खेळाडूला नशिबानं मिळतं.

आठव्या की नवव्या हंगामात मारेक आला. पोलंडचा, माझ्याच जागेवर खेळणारा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या गावी कोळशाच्या खाणी होत्या, बाप खाणीत होता. हा लहानपणापासून खेळत खेळत दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या क्लबांतून फिरला होता आणि आता जगाच्या या टोकाला आमच्याकडं. उंच, शांत, कान मोठे आणि आठवड्याभरात उन्हानं लालभडक झालेले. क्लबानं आम्हाला एका खोलीत ठेवलं. आमची दोघांची इंग्रजी सारखीच लंगडी होती, त्यामुळं चांगलं जमलं.

सुट्टीत त्याला घरी आणला. आईनं नाचणीची आंबील दिली. मी म्हटलं, झालं, आता हा तोंड वाकडं करणार. त्यानं वाटी रिकामी केली, पुन्हा पुढं धरली आणि मला म्हणाला, "आमच्या आजीकडं असंच आंबट सूप असतं. हिला सांग." सांगितलं. तेव्हापासून आईचा तो तिसरा मुलगा. आम्ही दोघंच भाऊ.

मारेकची एक सवय होती. चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागं बघायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पोरवयात त्याच्या शिक्षकानं लावलेली. सवय उत्तम होती, पण त्या दोन नजरांत चेंडूचा पहिला स्पर्श जरा लांब जायचा. मी म्हटलं, मी ओरडतो की, तू कशाला बघतोस? तो म्हणाला, "इथं सगळेच मॅन मॅन करतात. समोरचे गडीसुद्धा फसवायला ओरडतात. कुणाचं ऐकू?" खरंच होतं ते. ही लबाडी सगळीकडं चालते.

मग मी त्याला आमच्याकडचा एक शब्द दिला. आमच्या तालुक्यात घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर कोंकणी. कन्नडात हिंदे म्हणजे मागं. गोव्याच्या पोरांना तो शब्द माहीत नव्हता. ठरलं असं, की मारेकच्या मागं माणूस असला की मी "हिंदे!" म्हणून ओरडायचं. त्यानं मग न वळता चेंडू मला परत द्यायचा. आणि मी गप्प राहिलो तर त्याचा अर्थ, तू मोकळा आहेस, बिनधास्त वळ.

हे नीट लक्षात घ्या. माझं गप्प बसणं हाही आमच्यात एक निरोपच होता.

दोन महिन्यांत मारेकनं मान वळवणं सोडून दिलं. वीस वर्षं जपलेली सवय त्या गड्यानं माझ्या जिवावर सोडली. एकदा सरावानंतर बूट काढता काढता म्हणाला, "आता मी बघतच नाही. तू आहेस." मी हसलो, पण आत कुठंतरी छाती फुगली होती. काय खेळलो त्या वर्षी आम्ही! मी इतका चांगला त्याआधी कधी खेळलो नव्हतो, नंतर तर नाहीच.

हंगाम संपायला चार सामने उरले असताना प्रशिक्षकानं मला बाजूला घेतलं. त्या माणसाला गोड बोलणं माहीत नव्हतं. म्हणाला, "पुढच्या वर्षी मधे तुम्हा दोघांपैकी एकच ठेवायचाय. मारेक राहील. तू आतापासून दुसरीकडं बघायला लाग." मी "बरं सर" म्हटलं. नऊ वर्षं घाम गाळलेल्या जागेवरून काढताय आणि मी बरं सर म्हणतो! खोलीवर गेलो तर मारेक भात लावत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. "मीठ बघ," म्हणाला. मी बघितलं. पुरेसं होतं.

तीन दिवसांनी सामना होता. उत्तरार्धात, इनासच्या कठड्यासमोर, चेंडू माझ्या पायात होता. मारेक पाठमोरा, पंधरा पावलांवर. मी दिला. चेंडू चांगला दिला, हे मला अजून सांगावंसं वाटतं, बघा माणूस कसा असतो! आणि त्याच वेळी मारेकच्या डाव्या अंगानं समोरच्या संघाचा एक आडदांड गडी धावत येताना दिसला. पुरता दिसला. शब्द जिभेवर आला होता. मी तोंड मिटून घेतलं.

त्याचा पाय मोडावा असं माझ्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं. एकदा त्याच्याकडून चेंडू जावा, एकदा तो प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर बावळट दिसावा, एवढंच. एवढंच म्हणतोय मी, जसं काही ते कमी आहे. मारेक निर्धास्त वळला. एक पाय जमिनीत रोवलेला होता. तो गडी त्याच पायावर आला. गुडघा गेला. आवाज मला ऐकू आला, तो लिहीत नाही.

त्या गड्याची काही चूक नव्हती. पंचानं शिट्टीसुद्धा उशिरा, मारेक उठत नाही हे बघून वाजवली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. पाय टांगलेला, चेहरा पांढरा. मला बघून आधी विचारलं काय, तर, "तू ओरडला होतास?" आरोप नव्हता हो त्यात. आपलं साधं विचारणं. तिथं खरं बोलायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "व्हय. दोनदा ओरडलो."

 तो स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाला, "मला नाही ऐकू आलं. माफ कर."

माफ कर! तो मला म्हणाला.

त्यानं प्रशिक्षकालाही तेच सांगितलं, भेटायला आलेल्या वर्तमानपत्रवाल्यालाही तेच. नागेश ओरडला होता, मीच ऐकलं नाही. छापूनसुद्धा आलं. महिन्याभरानं कुबड्या घेऊन तो विमानात बसला. पोचवायला मीच गेलो. माझी जागा राहिली. पुढच्या वर्षी कर्णधाराची पट्टी माझ्या दंडावर आली, कारण काय, तर मी मैदानावर सगळ्यांना बोलून सांभाळून घेतो!

फसला नाही तो एकटा इनास. त्या सामन्यानंतर मी फाटकातून बाहेर पडत होतो, तर वाट अडवून म्हणाला, "आयज तूं ओगी कित्याक रावलो रे?" आज गप्प का राहिलास. बाकी काही नाही. मी ऐकलं नसल्यासारखं करून निघालो. तिथून पुढं मी मागच्या फाटकानं जायला लागलो. काढा यायचा बंद झाला. दोन वर्षांनी म्हातारा वारला, मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

आईची गोष्ट तर सांगायलाच नको, पण सांगतो. मारेकच्या गुडघ्याचं कळल्यावर तिनं उळवीच्या देवाला बोलून घेतलं, की पोरगं चालायला लागलं तर जत्रेला अनवाणी चालत येईन. त्याचा चालतोय असा फोन आला आणि ही निघाली. मी तिची पिशवी घेऊन सोबत. वाटेत बैलगाड्या, हलग्या, कन्नड-मराठी सगळी माणसं. कुणीतरी विचारलं, "कुणासाठी वो आक्का?" आई म्हणाली, "ह्येच्या दोस्तासाठी. लई जीव हाय ह्येचा त्येच्यावर." मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आई आता नाही. ती तशीच गेली.

वर्षं गेली. पट्टी उतरली, मी परत आलो, दुकान टाकलं. मारेकचा नाताळाला निरोप यायचा, मी दिवाळीला पाठवायचो. तो काय करतो हे मी कधी खोलात विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच.

यंदा शिमग्याच्या आधी त्याचा फोन आला. कुठून, तर कुळगीच्या जंगल कॅम्पातून! एका प्रवासी टोळीबरोबर आला होता. मी मोटारसायकल काढली आणि त्याला घरी घेऊन आलो. केस विरळ झालेत. चालताना लंगडत नाही, ते आधी बघून घेतलं. माझी बायको सुनंदा, तिनं आंबील आणि मुडलीच्या कंदाच्या कापा केल्या होत्या. पडवीत बसलो. आईच्या फोटोला त्यानं हात जोडले.

मी म्हटलं, "गुडघा छान झालाय."

"गुडघा दहा महिन्यांतच बरा झाला," तो म्हणाला. "गुडघ्यानं काही नाही झालं. कानानं झालं."

मी विचारलं, कानाचं काय?

मग त्यानं सांगितलं. बरा होऊन तो आपल्या गावच्या क्लबात परत उतरला होता. पण चेंडू आला की मागं कुणीतरी आहे असं वाटायचं. तीनतीनदा मान वळवायचा. साथीदार ओरडून सांगायचे मोकळा आहेस, तरी पाय थिजायचे. कारण गोव्यात माणूस पंधरा पावलांवरून दोनदा ओरडला आणि आपल्याला ऐकू आलं नाही, मग आत्ताही काय काय ऐकू येत नसेल? त्यानं कान तपासून घेतले. एका डॉक्टरनं सांगितलं कान उत्तम आहेत. दुसऱ्याकडं गेला, तिसऱ्याकडं गेला. सगळे म्हणाले उत्तम. चौथ्या सामन्याआधी त्यानं खेळणं सोडून दिलं. आता एका व्यायामशाळेची दारं उघडायचं, बंद करायचं काम करतो. पोरांना शिकवायला बोलावलं होतं, तर ज्याला ऐकू येत नाही त्यानं काय शिकवायचं म्हणून नाही म्हणाला.

मी म्हटलं, "अरे पण तीन डॉक्टर सांगत होते!"

तो हसला. "यंत्र चुकू शकतं. नागेश कशाला खोटं बोलेल?"

इतकी वर्षं मी समजत होतो, की माझं पाप म्हणजे त्याचा गुडघा. गुडघ्याचं देणं मी मनातल्या मनात फेडत होतो, आईच्या पिशवीबरोबर वाहत होतो. आणि इथं तर गुडघा केव्हाच बरा होऊन बसलेला! त्याचा खेळ मैदानात मोडलाच नव्हता. तो मी इस्पितळात मोडला होता, दोन शब्दांनी, आणि मोडून घरी आलो होतो.

मी म्हटलं, "मारेक, मी ओरडलो नव्हतो."

"म्हणजे? आवाज फुटला नाही?"

"न्हाई. ओरडलोच न्हाई. तो गडी मला दिसला होता. मी गप्प बसलो." मग प्रशिक्षक काय म्हणाला होता तेही सांगितलं.

त्याचा हात कानाकडं गेला.  मग त्यानं हळू विचारलं, "म्हणजे मला ऐकू येत होतं?"

"व्हय."

"तेव्हाही? सगळं?"

"सगळं."

"मी अजून किती वर्षं खेळलो असतो?"

तो मधल्या फळीतला, मीही मधल्या फळीतला. खोटं सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "पाच. कदाचित सहा."

तो उठून उभा राहिला. सुनंदा दुसरी वाटी घेऊन बाहेर आली होती. तिला इंग्रजी कळत नाही. "अवो, काय झालं ह्यास्नी? तिखाट लागलं काय?" मी म्हटलं, "न्हाई. त्यास्नी जायचंय." ती वाटी घेऊन दारात तशीच उभी.

आता जाणार कसा? आणलं मीच होतं, आणि आमच्या गावातून त्या वेळेला दुसरं वाहन नव्हतं. त्याला माझ्याच मोटारसायकलवर बसावं लागलं. दोन तासांची वाट. वळणावळणाचा रस्ता, पण त्यानं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागची कडी धरून बसला.   

कुळगीच्या फाटकात उतरला. मी हात पुढं केला, त्यानं घेतला नाही. म्हणाला, "माझ्या गावात सगळ्यांना माहीत आहे, की मारेक बहिरा होता म्हणून संपला. मीच सांगितलं त्यांना. बापाला मरताना तेच सांगितलं." मग म्हणाला, "आता तू तुझ्या माणसांना सांग. तुझ्या भाषेत. जे तुला कॅप्टन म्हणतात त्यांना."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ते नको. सांग फक्त." आणि आत गेला. त्यानंतर त्याचा निरोप नाही.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती आधी चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "आणि तुम्ही आत्तींना, तुमच्या आईला, अनवाणी चालू दिलंसा?" चार दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

तर संपादकसाहेब, हा माझा गाजलेला सामना. यात काही कापू नका. आणि बाजारकुणंगच्या, रामनगरच्या, जोयड्याच्या माझ्या माणसांनो, तुम्ही पाटीवर जे वाचता ते आता उतरवायला घेतलंय, पण मुख्य गोष्ट ती नव्हे. मुख्य गोष्ट ही, की त्या दिवशी मारेकच्या मागून माणूस येत होता, मला तो दिसत होता आणि मी ओरडलो नाही. मारेकचं काहीही चुकलं नव्हतं. त्याला नीट ऐकू येतं.